हो, नसतात

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरच्या ट्रंकेतून एक शंभर पानी वही निघाली. वर 'विज्ञान, इयत्ता ७ वी', आणि वही उलटी केली की शेवटच्या पानावर पेन्सिलीने, माझ्याच अक्षरात:

डिग्लेट पहिला, लेव्हल १७, वेग ४१.
डिग्लेट दुसरा, लेव्हल १७, वेग ३८.

त्याखाली दोन रेघा मारून एकच शब्द: 'का?'

आई खालून विचारत होती, रद्दीत टाकायचंय का. मी वही मांडीवर घेऊन तिथेच बसले. त्या 'का?'चं उत्तर मला कुठे मिळालं ते मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. एका व्हिडिओ गेममधल्या बेटावरच्या पेटत्या जिममध्ये, कुलूपबंद दारापाशी उभ्या असलेल्या एका यंत्रासमोर मिळालं.

२००६ चा मे महिना. आम्ही कराडला शनिवार पेठेत राहायचो आणि आमच्या खोल्यांच्या बरोबर खाली शेजारच्या काकांचं सायबर कॅफे होतं. चार कॉम्प्युटर, एक घरघरणारा कूलर, तासाला पंधरा रुपये. काका दुपारी जेवायला घरी जात तेव्हा गल्ल्यावर मी बसायचे आणि त्याबदल्यात मला रोज एक तास फुकट मिळायचा. तिसऱ्या नंबरच्या मशीनवर कुणीतरी पोकेमॉन फायररेड टाकून ठेवलं होतं. जपानमध्ये १९९६ साली आलेल्या मूळ पोकेमॉन रेडची ती २००४ मधली नवी आवृत्ती. टीव्हीवरचं पोकेमॉन, पकडून लढवायच्या काल्पनिक प्राण्यांचं, आम्ही सगळेच बघायचो, पण खेळ असतो हे मला त्या मशीनमुळे कळलं. रात्री काका सगळ्या मशीनवरच्या गिऱ्हाइकांच्या फाईली पुसून टाकायचे, म्हणून मी सेव्ह फाईल फ्लॉपीवर घ्यायचे. १२८ केबीची फाईल. एवढ्याशा फाईलमध्ये माझे पकडलेले सगळे पोकेमॉन, सहा बॅज आणि महिनाभराची मेहनत मावायची. ती फ्लॉपी मी कंपासपेटीत ठेवायचे.

एक गोष्ट सांगायला हवी. मी मराठी माध्यमातली. आमच्या तुकडीला इंग्रजी पाचवीपासून. म्हणजे तेव्हा माझं इंग्रजी तीन वर्षांचं होतं आणि खेळ तर अख्खा इंग्रजीत. पण लढाईला भाषा फारशी लागत नाही. पाणी आगीला विझवतं, आग गवताला जाळते. जिम म्हणजे पोकेमॉनच्या लढाईचा आखाडा, तिथल्या प्रमुखाला हरवलं की बॅज मिळतो. तिथली कोडीही बहुतेक डोळ्यांनी सुटतात. व्हर्मिलियनला कचऱ्याच्या डब्यांत लपवलेली बटणं शोधायची, फ्यूशियाला न दिसणाऱ्या भिंती चाचपत जायचं, सॅफ्रनला जमिनीवरच्या फरश्यांवर पाय ठेवून या खोलीतून त्या खोलीत उडायचं. सहा जिम मी अशीच पार केली.

सातवी सिनाबार बेटावर.

या बेटावर समुद्रातूनच जाता येतं. गाव छोटं: एक प्रयोगशाळा, जिथे दगडातल्या जीवाश्मातून पोकेमॉन जिवंत करून देतात, एक जळका, पडका वाडा, आणि जिम. जिमचं दार बंद. किल्ली त्या वाड्याच्या तळघरात. वाड्यात पुतळ्यांमधली बटणं दाबली की एकीकडचं दार उघडतं आणि दुसरीकडचं बंद होतं. त्या खोल्यांत शास्त्रज्ञाच्या डायरीची पानं पडलेली असतात: गयानाच्या जंगलात एक नवा पोकेमॉन सापडला, त्याचं नाव म्यू ठेवलं, मग म्यूपासून म्यूटू जन्मला आणि तो आवरेना. ती पानं मी शब्दकोश घेऊन वाचली. एका पानाला वीस मिनिटं. पण जिममध्ये काय वाढून ठेवलंय त्याची तयारी बहुधा तिथेच झाली.

जिमचा प्रमुख ब्लेन. टक्कल, पांढरी झुबकेदार मिशी, काळा गॉगल. आगीच्या पोकेमॉनचा उस्ताद. दारातच एक माणूस सांगतो की पाणी घेऊन जा आणि भाजल्यावरचं औषध जवळ ठेव. पुढे गेलं की खोली, खोलीत एक ट्रेनर, आणि पलीकडच्या दाराशेजारी एक यंत्र. यंत्र प्रश्न विचारतं. उत्तर दोनच, हो किंवा नाही. बरोबर आलं तर दार उघडतं. चुकलं तर त्या खोलीतला ट्रेनर अंगावर येतो, आणि त्याला हरवलं की तेच दार उघडतं.

शेवटचं वाक्य मला त्या वयात फार मोठं वाटलं होतं, अजूनही वाटतं. शाळेत उत्तर चुकलं की लाल रेघ आणि पुढचा प्रश्न. इथे चुकलं तर वाट लांबची, पण वाट होती. आणि लढाईत अनुभवाचे गुण मिळतात, पोकेमॉनची लेव्हल वाढते. म्हणजे ज्याची उत्तरं चुकतात तो ब्लेनपुढे जास्त तयार होऊन उभा राहतो. ज्याची सगळी बरोबर येतात तो ताजातवाना पोचतो, पण आला तसाच.

माझ्या मागे त्या दुपारी चार-पाच पोरं उभी होती. त्यांचा तास संपला होता आणि ऊन उतरेपर्यंत कुणालाच घरी जायचं नव्हतं. यंत्राने प्रश्न विचारला की मागून ओरडा सुरू. 'हो दाब!' 'ए नाही, नाही दाब!'

पहिला प्रश्न सोपा होता. कॅटरपी इव्हॉल्व्ह होऊन, म्हणजे रूप बदलून, मेटापॉड होतो का? ती हिरवी अळी मी पहिल्याच जंगलात पकडलेली. हो. दार उघडलं.

दुसरा: पोकेमॉन लीगचे अधिकृत बॅज नऊ आहेत का? माझ्याकडे सहा होते. पुढे किती, ठाऊक नव्हतं. आठवीतला एक मुलगा इतक्या खात्रीने 'नऊच आहेत' म्हणाला की मी हो दाबलं. आठ असतात. पहिली लढाई.

तिसऱ्यात मी स्वतःच्या डोक्याने चुकले. पोलिवॅग तीन वेळा इव्हॉल्व्ह होतो का? मी बोटांवर मोजलं: पोलिवॅग, पोलिव्हर्ल, पोलिरॅथ. तीन. हो. पण रूपं तीन असली तरी बदल दोनदाच होतो. तीन खांबांच्या मधे तारा दोनच, हे बाबांनी मला नंतर खडूने जमिनीवर काढून दाखवलं. बाबा वायरमन होते, त्यांना खांबांचं उदाहरण लगेच सुचलं. मी आता ट्यूशन घेते तेव्हा पाचवी-सहावीच्या मुलांना मोजणीतली हीच चूक हटकून करताना बघते. 'सोमवार ते शुक्रवार किती दिवस' विचारलं की वर्गातले निम्मे जण चार म्हणतात. पोलिवॅगच्या प्रश्नातली खोच तीच आहे आणि तो ज्याने लिहिला त्याला मुलं कुठे अडखळतात ते पक्कं माहीत असणार.

चौथा प्रश्न माझा होता. विजेचे हल्ले जमिनीच्या पोकेमॉनवर चालतात का? मागची सगळी पोरं 'हो, हो' करत होती, कारण विजेचा पिकाचू सगळ्यांनाच मारतो. पण मी बाबांबरोबर अर्थिंगचे खड्डे बघितले होते. खड्डा खणायचा, तांब्याची पट्टी उभी करायची, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वरून पाणी. 'वीज कितीही येऊ दे, जमीन पिऊन टाकते,' असं ते म्हणायचे. मी नाही दाबलं. दार उघडलं तेव्हा मागचं कुणी काही बोललं नाही. त्या शांततेचा आनंद मला अजून आठवतो.

आणि मग पाचवा.

एकाच जातीचे, एकाच लेव्हलचे दोन पोकेमॉन एकसारखे नसतात?

इंग्रजीत त्या वाक्यात 'नॉट' होतं आणि शेवटी प्रश्नचिन्ह. शाळेत आम्हाला शिकवलं होतं की इंग्रजीत नकारार्थी प्रश्नातली गोष्ट तशीच असेल तर उत्तर 'नो' ने सुरू होतं. 'डोन्ट यू लाइक टी?' 'नो, आय डोन्ट.' बाईंनी हे फळ्यावर लिहून घोकून घेतलं होतं, कारण आपण मराठीत उलटं बोलतो. 'चहा घेत नाहीस का?' 'हो, नाही घेत.' आपला 'हो' समोरच्याच्या बोलण्याला असतो. तू म्हणतोस ते खरं, एवढंच आपण म्हणतो. इंग्रजीतला 'नो' समोरच्याकडे बघत नाही, तो फक्त गोष्टीकडे बघतो.

तर यंत्रासमोर उभं राहून माझ्या डोक्यात दोन उत्तरं होती. बाईंच्या नियमाने 'नो'. आणि जीभ म्हणत होती, 'हो, नसतात.'

ते नसतात हे मला नक्की ठाऊक होतं, आणि ते या वहीमुळे. डिग्लेटच्या गुहेत मी एका दुपारी ओळीने डिग्लेट पकडले होते. त्यातले दोन एकाच लेव्हलचे निघाले. दोघांची माहितीची पानं शेजारी शेजारी ठेवून बघितली तर एकाचा वेग ४१, दुसऱ्याचा ३८. नाव तेच, चित्र तेच, मातीतून वर आलेलं तेच गोल डोकं. मला वाटलं मशीन बिघडलं. म्हणून मी घरी येऊन ते वहीत लिहिलं आणि खाली 'का?' विचारलं. उत्तर देणारं कुणी नव्हतं. बाबांना डिग्लेट म्हणजे काय हेच माहीत नव्हतं.

आणि इथे एक यंत्र स्वतःहून मला तेच विचारत होतं. माझ्या वहीतला प्रश्न खेळालाच माहीत होता. म्हणजे ती चूक नव्हती, तसं मुद्दाम केलेलं होतं.

मी 'येस' दाबलं. दार उघडलं.

पुढे कॉलेजात असताना मी यामागचं गणित शोधून वाचलं. प्रत्येक पोकेमॉन सापडतो त्या क्षणी त्याच्या पोटात काही आकडे पडतात आणि ते खेळाडूला दिसत नाहीत. १९९६ च्या खेळात असे चार आकडे होते, प्रत्येक ० ते १५ मधला. चारांचे मिळून ६५,५३६ प्रकार होतात. फायररेडमध्ये सहा आकडे, प्रत्येक ० ते ३१, आणि वर २५ स्वभाव: कुणी भित्रा, कुणी हट्टी, कुणी उतावळा. उतावळ्याचा वेग जास्त असतो. शिवाय तो कुणाशी लढून वाढला त्याचाही हिशेब असतोच. सहावीतल्या मुलाला हे आकडे कुणी सांगत नाही, पानावर कुठे छापलेले नाहीत. फक्त एका जिममधलं एक यंत्र जाता जाता विचारून जातं की हे एकसारखे नसतात ना? अख्ख्या खेळाच्या बुडाशी असलेली गोष्ट इतक्या साधेपणाने एका प्रश्नात ठेवलेली मी दुसरीकडे बघितलेली नाही.

खेळ मुळात जपानी आहे, आणि जपानी माणूसही अशा प्रश्नाला आपल्यासारखंच उत्तर देतो. त्यांचा 'हाय' म्हणजे तुम्ही म्हणता ते बरोबर. हे मला बऱ्याच वर्षांनी ऑफिसातल्या जपानी शिकणाऱ्या मैत्रिणीकडून कळलं आणि त्या दिवशी मी तिला कॅन्टीनमध्ये बसवून ब्लेनची सगळी गोष्ट सांगितली. चहा गार झाला.

सहाव्या प्रश्नाने मला पुन्हा पाडलं. टीएम २८ मध्ये टूम्बस्टोनी हा हल्ला आहे का? टीएम म्हणजे पोकेमॉनला नवा हल्ला शिकवायची तबकडी, तेव्हाच्या खेळात एकदाच वापरता यायची. शब्द अनोळखी होता. शब्दकोशात त्याच्या जवळचा एक शब्द मिळाला, अर्थ 'थडग्याचा दगड'. लव्हेंडर टाउनच्या मनोऱ्यात पोकेमॉनच्या कबरी बघून आले होते, त्यामुळे भुतांचा काहीतरी हल्ला असेल असं वाटून मी हो म्हटलं. असा हल्ला नाहीच. नाव बनवलेलं आहे. टीएम २८ म्हणजे डिग, खणणे. सेरुलियनला एका घरात शिरलेला टीम रॉकेट या टोळीचा चोर ती चोरून पळतो आणि आपण त्याला हरवून ती घेतो. माझ्याकडे ती तशीच पडून होती. का? त्याच डिग्लेटला, वेग ४१ वाल्याला, खणणं आधीपासूनच येत होतं. तोवर तो इव्हॉल्व्ह होऊन तीन डोक्यांचा डगट्रिओ झाला होता.

चौथा प्रश्न जमिनीबद्दल, सहावा खणण्याबद्दल. आणि आगीच्या पोकेमॉनवर जमिनीचे हल्ले दुप्पट लागतात. दारातला माणूस पाणी घे म्हणतो, पण यंत्रं दोनदा मातीकडे बोट दाखवतात. मला हे तेव्हा कळलं नव्हतं. वही सापडल्यावर, माळ्यावर बसून विचार करताना कळलं.

तीन चुका, तीन लढाया. त्यातला एक ट्रेनर सांगत होता की तो पूर्वी चोर होता आणि आता सरळ मार्गाला लागलाय. डगट्रिओ ४४ व्या लेव्हलला पोचला. माझा मुख्य पोकेमॉन चारिझार्ड, तो स्वतःच आगीचा, इथे त्याचा उपयोग थोडा. पाण्याचा एकही धड वाढवलेला नव्हता. सगळी भिस्त त्या तीन डोक्यांवर.

ब्लेनचे चार: ग्रोलिथ, पोनिटा, रॅपिडॅश आणि शेवटी ४७ लेव्हलचा अर्कनाईन. पहिले तीन मातीत गेले. अर्कनाईनपुढे माझा डगट्रिओ जमिनीत शिरला आणि त्याच वेळी अर्कनाईनने फायर ब्लास्ट सोडला. पडद्यावर आगीची ती पाच टोकांची आकृती पसरली आणि रिकाम्या जागेवरून निघून गेली. डगट्रिओ वर आला, अर्कनाईनची निम्मी ताकद गेली. पुन्हा फायर ब्लास्ट. आता डगट्रिओ उघड्यावर होता, एका फटक्यात संपला असता. फायर ब्लास्टचा नेम शंभरातून ८५ वेळा लागतो. तो उरलेल्या पंधरातला एक निघाला. मागून कुणीतरी माझ्या खुर्चीची पाठ इतकी घट्ट धरली की खुर्ची हलली. पुन्हा जमिनीत, पुन्हा वर, आणि अर्कनाईन पडला. व्होल्कॅनो बॅज. फ्लॉपीत सेव्ह करताना माझा हात थरथरत होता.

पुढच्या वर्षी गोल्ड खेळले. जपानमधला १९९९ चा खेळ, कथा या प्रसंगानंतर तीन वर्षांची. त्यात शेवटी जुन्या मुलखात, म्हणजे फायररेडमधल्या कांतोत, परत जाता येतं. मी आधी सिनाबारला गेले. तिथे काही नव्हतं. ज्वालामुखी फुटला होता. एक पोकेमॉन सेंटर तेवढं उरलेलं, बाकी काळे खडक. प्रयोगशाळा, वाडा, डायरीची पानं, जिम आणि ती सहा यंत्रं, सगळं लाव्ह्याखाली. ब्लेन जवळच्या सीफोम बेटाच्या गुहेत जिम मांडून बसला होता. तिथे प्रश्न नव्हते. मी त्याला हरवलं, पण त्यात जीव नव्हता. एका खेळातलं गाव गेल्याचं इतकं वाईट वाटावं, याचं मला तेव्हाही आश्चर्य वाटलं नाही आणि आताही नाही. जपानमधल्या खऱ्या कांतोच्या दक्षिणेला समुद्रात इझू ओशिमा नावाचं बेट आहे, तिथला ज्वालामुखी १९८६ साली फुटला आणि सगळ्या रहिवाशांना बोटीने बाहेर काढावं लागलं. सिनाबारचे चाहते त्या बेटाचं नाव घेतात, आणि मलाही ते पटतं.

बेटाचं नाव मात्र मला मराठीतच पुन्हा भेटलं. सिनाबार म्हणजे हिंगूळ. पारा आणि गंधकाचा लालभडक दगड, ज्वालामुखीच्या आणि गरम झऱ्यांच्या आसपास सापडणारा. आमच्या आजोबांच्या जुन्या पोथीत समासाच्या लाल रेघा हिंगुळाच्या होत्या. आता त्या पोथीला हात लावला की मला बेट आठवतं.

तर माळ्यावर. भाचा शिडीने वर आला. नऊ वर्षांचा आहे, पुण्यात इंग्रजी शाळेत जातो, निन्टेन्डो स्विच या खेळाच्या यंत्रावर लेट्स गो पिकाचू खेळतो. २०१८ च्या त्या खेळात सिनाबारचं जिम परत उभं केलंय आणि त्याला टीव्हीवरच्या क्विझ शोचं रूप दिलंय. त्याने ते कधीच पार केलं होतं. मी त्याला वही दाखवली नाही. आधी इंग्रजीत विचारलं, एकाच जातीचे, एकाच लेव्हलचे पोकेमॉन 'आर नॉट आयडेंटिकल?'

'नो,' तो लगेच म्हणाला. 'दे आर नॉट.'

मग तेच मराठीत विचारलं. 'एकसारखे नसतात?'

'हो, नसतात,' तो म्हणाला, आणि थांबला. 'आत्या, थांब. मी आत्ता नो म्हटलं ना?'

मी वही त्याच्या हातात दिली. त्याने ते दोन डिग्लेट वाचले, खालचा 'का?' वाचला, आणि खाली जाऊन स्विच घेऊन आला. त्याच्याकडे डिग्लेट ढिगाने आहेत. एकाच लेव्हलचे दोन शोधायला त्याला पाच मिनिटं लागली. मग त्याने माझ्याकडे पेन्सिल मागितली आणि माझ्या रेघांच्या खाली, जीभ दातांत धरून, वळणावळणाच्या अक्षरात लिहायला सुरुवात केली: डिग्लेट तिसरा.